धापेची कवायत

माझ्या फुप्फुसांची तारीफ मी स्वतःच्या तोंडाने करणं बरं दिसत नाही. पण दुसरं कुणी करत नाही, म्हणून करतो. खाली, आमच्या गावात, कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की फुगे फुगवायला मला बोलवायचे. पंप होता हो त्यांच्याकडे! पण पंप दमायचा. मी एका श्वासात फुगा असा फुगवायचो की पोरं आधीच कान झाकून बसायची. एकदा तर सायकलची ट्यूबसुद्धा... जाऊ दे, तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही आता वाटत नाही.

तर अशा फुप्फुसांच्या मालकाला डोंगरावरच्या एका निवासी शाळेत शारीरिक शिक्षणाच्या मास्तरची नोकरी लागली, यात नवल ते काय! शाळा इतक्या उंचावर की ढग खिडकीतून वर्गात यायचे आणि हजेरी न देताच निघून जायचे.

निघण्यापूर्वी आई मला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बरोबर मामाही आले. मला वाटलं काळजीपोटी आले. ते रक्तदाब फुकट मोजून घ्यायला आले होते.

"तिथे हवा विरळ असते," डॉक्टर म्हणाले. "पहिले काही दिवस नुसतं पडून राहायचं. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. शरीराला सवय झाली की मग काय ते करा."

"ऐकलंस ना?" आई म्हणाली.

"आई, मी व्यायाम शिकवायला चाललोय. पडून राहायचं असतं तर इतिहास घेतला असता!"

"जाऊ दे गं त्याला," मामा बाही खाली करत म्हणाले. "आठवडाभरात येईल परत. मशीनजवळचं स्टूल मी रिकामंच ठेवतो."

मामांचं झेरॉक्सचं दुकान आहे. ते स्टूल तिथलं. त्याला तीन पाय आहेत. चौथ्या पायाचं काम बसणाऱ्याने करायचं असतं. कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या मी ते केलेलं आहे, म्हणून माझा डावा पाय उजव्यापेक्षा जरा जास्त कमावलेला आहे. त्या स्टुलावर उरलेलं आयुष्य काढायचं नसेल, तर ही नोकरी टिकवणं भाग होतं. त्यात आईने सगळ्या नातेवाइकांना 'कायमची नोकरी लागली' असं सांगूनही टाकलं होतं. नोकरी कायमची नव्हती. पण आईने सांगितलं म्हणजे झाली!

बस घाट चढू लागली तशी माझ्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा फुगत गेला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हवा पातळ झाली की असं होतं."

"पुडाच तो," मी म्हटलं. "त्याला व्यायामाची सवय नसणार."

बसमधून उतरून ट्रंक खांद्यावर घेतली आणि शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेलो. अंतर काही फार नव्हतं. पण फाटकाशी पोचलो तेव्हा माझं हृदय छातीतली जागा सोडून दोन्ही कानांत राहायला गेलं होतं. डोळ्यांपुढे बारीक चांदण्या. ट्रंक जड आहे, मी मनाला समजावलं. ट्रंकेत दोन पँटी आणि एक टॉवेल होता.

मुख्याध्यापिकांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. गळ्यात चष्म्याची साखळी, आणि आवाज असा सपाट की त्याच्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी. त्यांची खोली वरच्या मजल्यावर.

"आधीचे दोन सर हवा सोसली नाही म्हणून गेले," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांनी तर सामानसुद्धा सोडलं नव्हतं. महिनाअखेरीला पालकांचा दिवस आहे. पालक खालून येतील, मुलांची कवायत बघतील. त्या दिवशी ठरवू, तुम्हाला कायम करायचं की परतीच्या बसमध्ये बसवायचं. जमेल ना?"

'बाई, बिनधास्त राहा!' असं मला म्हणायचं होतं. पण मी नुकताच जिना चढून आलो होतो. तोंड उघडलं तर त्यातून फक्त वारा आला. मग मी मान हलवली.

"कमी बोलता," बाई म्हणाल्या. "चांगली सवय आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं म्हणालं होतं.

दुसऱ्याच दिवशी सहावीचा तास. आता मैदान कुठे असावं? शाळेच्या पुढे? मागे? छे! ते शाळेच्या डोक्यावर! डोंगर कापून, छपराच्याही वर. दगडी पायऱ्या चढून जायचं. म्हणजे व्यायामाच्या तासाला पोचण्यातच माझा आठवड्याचा व्यायाम उरकला. मुलं पायऱ्यांवरून शेंगदाणे सांडावेत तशी उड्या मारत होती, फक्त खालून वर.

मी रांगा लावल्या आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. लोकांना तो रुबाब वाटला. तो आधार होता.

"माझा नियम एकच," मी तुकड्या-तुकड्यांनी म्हणालो. "मी करीन... तसं करायचं. जसंच्या तसं! प्रश्न नाही... बडबड नाही."

पहिल्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. तिला वर्गात सगळे वकीलबाई म्हणतात, हे मला नंतर कळलं. ते मी आधीच ओळखायला हवं होतं.

"सर, तुम्ही चुकून काही केलंत तर?"

"मी चुकून काही करत नाही."

असं म्हणून मी धावत सुटलो.

पहिलं वळण मी झोकात घेतलं. दुसऱ्या वळणावर एक मुलगा बुटाची नाडी बांधत माझ्यापुढे गेला. म्हणजे नाडी बांधता बांधता, पळत! तिसरं वळण मला दिसत होतं, पण ते माझ्याकडे यायला तयार नव्हतं. अर्ध्या फेरीत माझं इंजिन बंद. मी वाकलो. दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंड उघडं. डोळे असे बाहेर आले की त्यांना आणखी दूरचं दिसत असावं.

"हाऽ... हाऽ... हाऽ..."

मागून आवाज आला, "हाऽ! हाऽ! हाऽ!"

वळून पाहिलं. सगळी सहावी गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड उघडून, डोळे वटारून उभी. जसंच्या तसं!

मला म्हणायचं होतं, 'अरे, थांबा.' बोलवेना. इतक्यात कुशीत कळ आली म्हणून मी एका हाताने कूस धरली. सगळ्यांनी कूस धरली. 'एक मिनिट' म्हणून मी एक बोट वर केलं. सगळी बोटं वर! शेवटचा उपाय म्हणून मी शिट्टी तोंडात घातली आणि होती नव्हती ती सगळी हवा तिच्यात ओतली.

"फुस्."

आणि मी आडवा झालो. चारी बाजूंनी धप्-धप्-धप् आवाज झाले. सगळा वर्ग आभाळाकडे तोंड करून पडला. वर एक ढग चालला होता. त्याची मात्र चाल अगदी शांत होती.

"सर," शेजारून वकीलबाईचा आवाज आला, "डोळे बंद की उघडे?"

मी उत्तर दिलं नाही. देऊ शकलो नाही. तिला तो नियम वाटला असावा, कारण तीही गप्प झाली.

थोड्या वेळाने बोलावणं आलं. मोठ्या बाईंनी सगळं पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं होतं. झालं! मी परतीच्या बसचं वेळापत्रक आठवत त्यांच्या खोलीत गेलो. म्हणजे जिना चढून गेलो. म्हणजे पुन्हा तेच.

"ते मुलांना एकदम निजवलंत, ती तुमची पद्धत आहे का?"

मी पाण्याच्या तांब्याकडे बघून मान हलवली.

"श्वासाशी संबंधित?"

याहून खरं काही कुणी बोलूच शकलं नसतं. मी जोरात मान हलवली.

"आणि मुलांना बळजबरी नाही. मास्तर स्वतः करतो, मुलं बघून करतात. वा! आधीचे सर मैदानावर ओरडून यायचे आणि खोलीत जाऊन पडायचे. तुम्ही मुलांबरोबर पडता. चालू ठेवा."

चालू ठेवा! जणू ते बंद करणं माझ्या हातात होतं.

खाली आलो तर शिक्षकांच्या खोलीच्या दारात गणिताचे सर उभे. उंच, सडपातळ माणूस. लांबच लांब भागाकार कुणीतरी उभा करून ठेवावा तसा.

"सहावीला काय पाजलंत हो?"

"का? काय झालं?"

"तुमच्या तासानंतर माझा तास. एकजण बोलला नाही! मी दोनदा बाहेर जाऊन दारावरची पाटी वाचून आलो, वर्ग चुकला की काय म्हणून. ही पद्धत कुठली?"

"आतून येते," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

पुढचे दिवस मी अभिनय म्हणून काही केलं नाही हो, सगळं अस्सल! रोज पायऱ्या चढायचो, रोज अर्धी फेरी पळायचो, रोज वाकायचो, कूस धरायचो, 'फुस्' करायचो आणि पडायचो. मुलांनी त्याची पक्की कवायत करून टाकली. पाठीवर पडताना सगळ्यांची टाच एकदम टेकायची. मोठ्या बाईंनी तिला 'विश्रांती-कवायत' असं नाव दिलं. मुलांचं नाव वेगळं होतं.

"सर, आज एकदाच मरायचं की दोनदा?" वकीलबाई रोज विचारायची.

पाचवीनेही सुरू केलं. सातवीनेही. गणिताचे सर मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एकटेच कूस धरून उभे दिसायचे. मी इकडे खोलीत रात्रीच्या जेवणासाठी बटाटे उकडायला ठेवायचो. पाणी उड्या मारायचं आणि बटाटे दगडच राहायचे. त्या गावात वेळेवर शिजणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी.

त्यात फोनची भानगड. मोबाईलला रेंज कुठे, तर मैदानाच्याही वर, पाण्याच्या टाकीपाशी! तिथे चढून गेलो आणि आईला फोन लावला.

"आई... हाऽ... मी... हाऽ..."

"अगं बाई! रडतोय हा!"

"नाही गं... मी... हाऽ... ठीक..."

"हुंदके आवरत नाहीत लेकराला! अहो दादा, ऐका तरी!"

फोन मामांकडे गेला. "काय रे, झाली का हौस? स्टूल पुसून ठेवलंय."

"मामा... हाऽ... इथे... पालकांच्या... दिवशी..."

"पालकांचा दिवस? येतो ना! मीही तुझा पालकच आहे. सामान बांधून ठेव, त्याच बसने परत आणतो तुला!"

आणि फोन ठेवला. मी टाकीला टेकून बसलो. टाकी थंड होती, तेवढंच एक सुख.

आता आली का पंचाईत! एकाच दिवशी मोठ्या बाईंचा निकाल आणि मामांची बस. पण मी म्हटलं, भिण्याचं काय कारण? कवायत चोख बसली आहे. मी वाकलो की शाळा वाकते.

पालकांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे धावत सुटलो. पहिलं वळण. दुसरं. तिसरं वळण आपण होऊन समोर आलं! चौथं! एक फेरी पूर्ण! मी थांबलो. छातीवर हात ठेवला. हृदय आपल्या जागी, शहाण्यासारखं बसलेलं. श्वास असा येत-जात होता, जसा पगारी नोकर ऑफिसला. डॉक्टर म्हणाले होते ते खरं झालं. सवय झाली! माझी फुप्फुसं परत आली! आनंदाने मी आभाळाकडे हात पसरले.

मुलांनीही पसरले. मग ती थांबली.

"सर," वकीलबाई म्हणाली, "धाप?"

"आज नाही लागली!"

"तुम्हाला बरं नाही का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नियम माझाच होता: मी करीन तसं करायचं. मी धापा टाकल्याशिवाय कवायत सुरू होणार कशी? मी सांगून पाहिलं, "बरं, आता वाका." मुलं म्हणाली, "तुम्ही आधी करा ना, सर." मी वाकलो. हा-हा-हा केलं. सगळा वर्ग खो-खो हसत सुटला.

"खोटं वाटतंय, सर," वकीलबाई डोळे पुसत म्हणाली. "डोळे बाहेर आले पाहिजेत. आत्ता तुम्ही शिंक येत असल्यासारखे दिसताय."

मी आणखी दोन फेऱ्या पळालो. घाम आला, धाप नाही. पायऱ्या उतरून पुन्हा धावत चढलो. छे! शेवटी गणिताच्या सरांना हात जोडले. ते तयार झाले, चष्मा खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर चढले. त्यांना पाठुंगळी घेऊन मी खालपासून मैदानापर्यंत पळत गेलो. वर पोचलो तेव्हा एक जण कूस धरून, डोळे बाहेर काढून धापा टाकत होता. पण ते गणिताचे सर होते. भीतीने!

"हे... तुमचं... हाऽ... हे मी उद्या करणार नाही," ते म्हणाले.

रात्रभर मला स्वप्नात ते तीन पायांचं स्टूल दिसत होतं. लंगडत लंगडत घाट चढून येत होतं.

पालकांच्या दिवशी मैदानावर सगळी शाळा रांगेत. एका बाजूला मोठ्या बाई. मी समोर, तोंडात शिट्टी. बस आल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांच्या खालून मामांचा दणदणीत आवाज:

"कुठं आहे तो रडका? सामान भर म्हणावं, सामान!"

थोड्या वेळाने, पायऱ्यांच्या मध्यावरून:

"सामान... भर..."

मग अगदी जवळून:

"सा..."

मुलं माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. सगळ्यांची तोंडं उघडी.

"सर," वकीलबाई कुजबुजली, "त्यांना कुणी शिकवलं?"

मी वळलो. आणि काय सांगू! पायऱ्यांवरून मैदानात शिरणारा एकेक पालक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकत होता. तोंड उघडं, डोळे बाहेर. कुणी कूस धरलेली. कुणी 'एक मिनिट' म्हणून बोट वर केलेलं. सर्वांत पुढे मामा! आयुष्यभर झेरॉक्स काढलेला माणूस. माझ्या पहिल्या दिवसाची त्यांनी इतकी हुबेहूब नक्कल काढली होती की मला भरूनच आलं.

पण पालक घाबरले होते. एक बाई नवऱ्याचा हात धरून रडकुंडीला आली. कुणीतरी "डॉक्टर! डॉक्टर!" म्हणत होतं, तेही अर्धंच. एकाला खाली पळायचं होतं, दुसऱ्याला वर. आता एकमेकांवर पडणार, अशी वेळ आली. मी धावलो, पण माझ्याआधी वकीलबाई रांग मोडून मामांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, घाबरायचं नाही. पहिल्या दिवशी सरांचंही असंच झालं होतं."

मी जागच्या जागी थिजलो.

"सर तर रोज मरायचे," ती मोठ्यांदा पुढे म्हणाली. "कालपासून त्यांना येत नाही. तुम्ही मला बघून करा. वाका. तोंड मिटा, नाकाने घ्या, सावकाश. प्रश्न विचारायचा नाही! बोट वर. आता मी फुस् म्हटलं की पडायचं. फुस्!"

मामा पडले. मामा! ज्यांना आजवर बँकेची वसुलीवाली माणसंही खाली बसवू शकली नाहीत, ते!

बघता बघता सगळ्या रांगा मोडल्या आणि जो तो आपापल्या आईबापांकडे धावला. "बाबा, कूस धरा!" "आई, फुस् म्हटलं की पडायचं, लक्षात ठेव!" सगळ्या मैदानावर फुस्, फुस् आणि धप्, धप्. मग एकदम शांत झालं. पालक आभाळाकडे बघत पडले होते. उशाला मुलं बसली होती. मोठ्यांचे श्वास हळूहळू जागेवर येताना ऐकू येत होते.

सर्वांत शेवटी आई आली. तिला काहीच झालेलं नव्हतं. आई प्रत्येक पायरीवर कुणाशी ना कुणाशी बोलायला थांबते. तिच्या हातात बिस्किटांचा फुगलेला पुडा होता.

"हे सगळे झोपलेत का रे?" तिने विचारलं.

मला उत्तर द्यायला सवड नव्हती. मोठ्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणजे ती पद्धत नव्हती."

"नाही, बाई," मी म्हणालो. आजवर मी त्यांच्याशी एक धड वाक्य बोललो नव्हतो, हे पहिलंच. "ती धाप होती."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्या वेळात माझी ट्रंक मनातल्या मनात भरून झाली.

"दर वर्षी या दिवशी चार-सहा पालक या मैदानावर आडवे होतात," त्या सपाट आवाजात म्हणाल्या. "आरडाओरडा होतो, स्ट्रेचर येतं, कार्यक्रम वाया जातो. यंदाही आडवे झाले. पण शिस्तीत झाले." त्यांनी मैदानावर नजर फिरवली. "रांग जरा वाकडी आहे, तेवढी बघा. आजपासून कायम."

कायम! तुम्हाला सांगतो, पाठीवरून गणिताचे सर उतरावेत तसं वाटलं! तोवर पालक उठून कपडे झटकत होते, एकमेकांकडे बघून हसत होते. गणिताचे सर चहाचे ट्रे फिरवू लागले होते. मामाही कप हातात घेऊन माझ्याकडे येत होते. 'सामान' हा शब्द त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

मला राहवेना. परत आलेली ती सगळी फुप्फुसं मी काठोकाठ भरली आणि शिट्टी वाजवली. त्या शाळेतली माझी पहिली खरी शिट्टी! समोरच्या डोंगरावर आदळून ती परत आली.

आणि धप्! सगळी मुलं आडवी. धप्-धप्! सगळे पालक आडवे. मुलांना बघून करायचं, हे शिकवलेलं ताजं होतं ना! कप सांडले. गणिताचे सर ट्रेसकट गेले. आई पुडा पोटाशी धरून, "अगं बाई, मला कुणी सांगितलंच नव्हतं," असं म्हणत म्हणत सावकाश आडवी झाली. मोठ्या बाई तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चष्मा काढून मुठीत धरला, आणि त्याही!

"भाच्या!" चहाने भिजलेले मामा जमिनीवरून ओरडले. "अजून किती वेळा मरायचं रे? आणि ते स्टूल मी भंगारात देतोय!"

मैदानावर उभा असा मी एकटाच. बरं दिसेना ते. मग मीही पडलो.

डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच सांगितलं होतं, नुसतं पडून राहा. जरा उशीर झाला, इतकंच.